अर्धा मिनिट मागे

वरच्या मजल्यावर "गोल" असा ओरडा झाला, तेव्हा घड्याळजींच्या टीव्हीवर चेंडू अजून मैदानाच्या मध्यावर रेंगाळत होता. घड्याळजींनी आधी छताकडे पाहिलं, मग टीव्हीकडे, मग बायकोकडे. काही वेळाने टीव्हीतल्या चेंडूलाही आपलं कर्तव्य आठवलं आणि तो जाळ्यात गेला. मुलीच्या संघाने आघाडी घेतली होती. दोघांनी टाळ्या वाजवल्या खऱ्या, पण त्या उष्ट्या आनंदाच्या टाळ्या होत्या.

साधासुधा सामना असता तर घड्याळजींनी हा अपमान गिळलाही असता. पण हा अंतिम सामना होता आणि गोलमध्ये त्यांची मुलगी उभी होती. कित्येक हंगाम बाकावर बसून इतरांच्या पाण्याच्या बाटल्या भरणारी पोर, मुख्य गोलकीपरचं मनगट मुरगळलं म्हणून आज पहिल्यांदा मैदानात उतरली होती. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं नसतं, तर दोघं स्टेडियममध्येच असती.

घड्याळजींनी मुलाला फोन लावला. जुना टीव्ही भंगारात देऊन हा नवा स्मार्ट टीव्ही भिंतीवर चढवणारा आणि गच्चीवरचा अँटेना उपटून टाकणारा तोच.

"वरच्यांना आधी दिसतंय आणि आपल्याला मागून. का?"

"बाबा, त्यांच्याकडे अजून अँटेना आहे. त्यांचं चित्र सरळ हवेतून येतं. आपलं इंटरनेटवरून येतं, त्याला थोडा वेळ लागतो."

"तूच म्हणाला होतास ना, टीव्ही आणि इंटरनेट आता एकच झालंय?"

"एकच झालंय की."

"मग संसार एक आणि पंचांग दोन कशी?"

"अर्ध्या मिनिटाने काय बिघडतं, बाबा?"

घड्याळजींनी फोन ठेवून दिला. दुरुस्तीला आलेल्या घड्याळाचा सेकंदाचा काटा अडखळला तरी ज्यांना जेवण जात नाही, त्यांना पोटचा मुलगा हे विचारत होता. ते चपला न घालताच जिना चढले.

वर दातांचे डॉक्टर राहत. त्यांनी हसतमुखाने दार उघडलं आणि घड्याळजींचा चेहरा बघून हसू आवरतं घेतलं.

"डॉक्टर, तुम्ही ओरडू नका."

"अहो, तुमच्याच मुलीसाठी ओरडतोय आम्ही."

"माझ्या मुलीसाठी मला आधी ओरडू द्या. तुमच्यामुळे मला माझ्याच घरात कालचं वर्तमानपत्र वाचल्यासारखं वाटतंय."

डॉक्टर ओशाळले. "बरं. आयुष्यभर लोकांना तोंड उघडा म्हणालो, आज आम्ही मिटून बसतो."

डॉक्टरांनी शब्द पाळला. वर इतकी शांतता पसरली की घड्याळजींना टीव्ही सोडून छतच ऐकत बसावं लागलं. मग एकदम खुर्ची पडल्याचा आवाज आला, आणि पुन्हा शांतता.

"काय झालं असेल हो?" बायकोने घाबरून विचारलं.

"मला काय विचारतेस? मी काय वर बसलोय?"

अर्धा मिनिट दोघांनी श्वास रोखून धरला. मग समोरच्या संघाने बरोबरी साधली. मुलगी गवतावर पालथी पडलेली दिसली. ओरडा परवडला, ही शांतता नको, असं घड्याळजींना झालं. सामना पेनल्टीवर गेला तसे ते पुन्हा उठले.

"कुठे निघालात?"

"वर. मला माझी पोर वेळेवर बघायचीय."

"आणि मी या पायाने जिना कशी चढू? जा, जा. मी आपली मागून येते, सवय आहे मला."

घड्याळजी वर गेले आणि डॉक्टरांच्या सोफ्याच्या कडेला टेकले. एकेक पेनल्टी होत गेली. शेवटी समोरच्या संघाची एकच उरली. ती अडवली तर करंडक मुलीच्या संघाचा. मुलीने हातमोजे घट्ट केले, डावीकडे झेप घेतली आणि चेंडू नुसत्या बोटांनी खांबाबाहेर ढकलला.

डॉक्टरांनी घड्याळजींना मिठी मारली. घड्याळजींनी ती सोडवली आणि धावत जिना उतरले. बायको एकटी होती. आपण काही बोलायचं नाही, चेहरा दगडासारखा ठेवायचा, असं त्यांनी जिन्यातच ठरवलं होतं.

टीव्हीवर समोरच्या संघाची पोरगी नुकतीच चेंडू ठेवत होती. घड्याळजी बायकोच्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला. बायकोने हाताकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"अडवला ना तिने?"

"मी एक शब्द तरी बोललो का?"

"एवढ्या वर्षांत तुम्ही आपणहून माझा हात कधी धरलात?" बायकोचा आवाज चढला. "डॉक्टर निदान परके आहेत. तुम्ही तर घरात येऊन सांगताय. उठा, भिंतीकडे तोंड करून उभे राहा."

"अगं, पण..."

"उभे राहा म्हणते ना."

घड्याळजी उठले आणि कॅलेंडरकडे तोंड करून उभे राहिले. त्यांच्या पाठीमागे शिट्टी वाजली. मग बायको अशी किंचाळली की कॅलेंडर हललं. ती टाळ्या वाजवत होती, रडत होती, बऱ्या पायाने जमीन दणाणून सोडत होती. निकाल आधी कळल्याचा तिच्या आवाजावर काडीचाही परिणाम झाला नव्हता. घड्याळजी वळले आणि मगाशी डॉक्टरांकडे न आलेलं रडू त्यांनाही फुटलं.

एवढ्यात दारावर थापा पडल्या. दार उघडलं तर खालच्या मजल्यावरचा शिंपी उभा. गळ्यात टेप, हातात मोबाईल, आणि रागाने चेहरा लालबुंद.

"काकू, माणसाने किती ओरडावं?" त्याने मोबाईल पुढे केला. "आमच्याकडे ती अजून हातमोजेच घट्ट करतेय."