आईमार्फत दाबलेला क्लच

तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सुरुवातीला माझाही बसत नव्हता. पण ही हकीकत मी इतक्यांदा सांगितलीय की आता बसायला लागलाय. मी एकदा क्लच मेलेली गाडी भर गर्दीतून, कुठंही न थांबता, थेट स्टेशनवर नेली. आणि ज्या कामासाठी नेली, ते काम गाडीतून खाली न उतरता पार पाडलं!

विषय निघाला सूनबाईच्या नव्या गाडीवरून. तिनं मोठ्या हौसेनं मला स्टिअरिंगपाशी बसवलं. मी खाली बघतो, तर पायाशी दोनच पेडलं.

"सूनबाई, एक पेडल वाटेत पडलं वाटतं!"

"बाबा, या गाडीला क्लच नसतोच."

नसतोच! मग माणसानं डाव्या पायाचं करायचं काय? ताल धरायचा? मी तडक खाली उतरलो आणि संध्याकाळी चहाच्या वेळी व्हरांड्यात तिला ठकीची गोष्ट सांगायला घेतली. आमची ही समोरच बसून उशीचा अभ्रा शिवत होती. तिनं नुसती मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुईत दोरा ओवायला लागली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोच्या अशा बघण्याला घाबरायचं नसतं. पुढं जायचं.

ठकी म्हणजे आमची पहिली गाडी. आमच्याकडे येईपर्यंत तिनं बरीच घरं पाहिली होती. एक दार जोरात लावलं की पलीकडचं उघडायचं. हॉर्न सोडून तिचा सगळा सांगाडा वाजायचा. पण आत बसलं की तापलेल्या रेक्झिनचा आणि तेलाचा असा काही वास यायचा, की आजही कुठं तो वास आला तर मी अत्तर हुंगल्यासारखा थांबतो.

तर एके दिवशी सकाळी मी ठकीत बसलो, क्लच दाबला, आणि पेडल जे खाली गेलं ते खालीच राहिलं. उन्हाळ्यातल्या कुत्र्यासारखं लोळत पडलं! गाडीखाली वाकून बघतो, तर तेलाचं थारोळं.

"गळतोय," मी जाहीर केलं.

"मग गॅरेजात न्या," ही म्हणाली. "आज दादा जायचाय."

दादा म्हणजे हिचा थोरला भाऊ. परदेशात नोकरी लागली होती त्याला. संध्याकाळच्या आगगाडीनं बंदरावर आणि तिथून बोटीनं पुढं. परत कधी येणार, ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. हिला आई नव्हती, दादानंच तिच्या वेण्या घातलेल्या. स्टेशन गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि त्या दिवशी बसवाल्यांचा संप, टांगा मिळणं मुश्कील! म्हणजे सगळी भिस्त ठकीवर.

"गॅरेजवाला आठवडाभर ठेवून घेईल," मी म्हणालो. "मी घरीच करतो. दुपारपर्यंत गाडी तयार!"

"मागं तुम्ही घरी नळ दुरुस्त केला होतात, तेव्हा शेजाऱ्यांच्या घरात पाणी शिरलं होतं."

"नळ वेगळा, क्लच वेगळा! आणि तुझा दादा काय पळून चाललाय?"

बोलून गेलो! हिनं ओठ मिटले. अबोला सुरू.

आमच्याकडच्या अबोल्याला नियम होते. जेवण वेळेवर मिळायचं, शर्टाला बटण लावून मिळायचं. फक्त शब्द मिळायचा नाही. काही सांगायचंच झालं, तर माझ्या आईमार्फत. आई खुर्चीत बसून निरोप इकडून तिकडे पोचवायची, आणि पोचवताना त्यात स्वतःची थोडी भरही घालायची. वरणात मीठ घालावं तशी. चवीपुरती.

मी सायकलवरून पार्टवाल्याकडे गेलो. त्यानं रबरी वॉशरांची पुडी आणि तेलाचा डबा समोर ठेवला आणि म्हणाला, "वॉशर काय, कुणीही बदलेल. खरं काम पुढंच आहे, तेलाच्या नळीत शिरलेली हवा काढायचं. दोन माणसं लागतील. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खालचा बोल्ट सैल करायचा. हवा निघाली की बोल्ट आवळायचा, मगच पेडल सोडायचं. मधेच सोडलं तर सगळी हवा परत आत. दोघांचं पटायला हवं, साहेब!"

मी पुडी खिशात घातली, डबा उचलला नि घरी आलो.

वॉशर मी झकास बदलले. (इथं हिनं "झकास?" असं म्हटलं. मी ऐकलं नाही.) उरली हवा. ही न बोलता ठकीत जाऊन बसली, पाय पेडलवर. मी गाडीखाली, हातात पाना. आणि मधे पुढच्या चाकाशी खुर्ची टाकून, मांडीवर मटारची परडी घेऊन, आई.

"आई, हिला सांग, दाब!"

"दाब म्हणतोय गं."

"आई, यांना विचारा, किती?"

"किती, विचारतेय रे."

"पूर्ण!"

"पूर्ण म्हणतोय. लहानपणापासून असाच आहे हा. अर्धं म्हणून कधी चाललंच नाही याला. बाकी खाण्यातच हो, अभ्यासात नाही..."

तोवर मी बोल्ट सैल केला होता! हिनं पेडल दाबलं ते आईचं वाक्य संपल्यावर. पिचकारी सरळ माझ्या कपाळावर!

"आई, तिला सांग, मी म्हटल्यावर लगेच दाब!"

"लगेच दाब म्हणतोय. चिडलाय."

"आई, यांना सांगा, मीपण चिडलेय."

"तीपण चिडलीय रे."

असं दुपारभर चाललं. मी "दाब" म्हणायचो ते पेडलपर्यंत पोचेस्तोवर "सोड"ची वेळ झालेली असायची. निघालेली हवा दर खेपेला माघारी यायची. डब्यातलं तेल कमी होत होतं, ऊन उतरत होतं, आणि गाडीच्या दारातून मला हिचं एकच पाऊल दिसत होतं. ते आता पेडलवर मधूनच ढिलं पडत होतं. क्लच तितका जड नव्हता हो. ती घड्याळाकडे बघत होती.

आणि नेमकी तेव्हाच आईनं परडी खाली ठेवली.

"मी आता तुमचे निरोप देणार नाही. माझी जीभ काय तारखात्यात लागलीय? आधी तिच्याशी चार शब्द गोड बोल."

"आई, इथं बोल्ट उघडा आहे!"

"राहू दे उघडा. बोल!"

काय करणार? तेलानं माखलेल्या तोंडानं, नाकासमोर गिअरबॉक्स, अशा अवस्थेत मी म्हणालो, "अगं, चुकलं माझं. सकाळी तुझ्या दादाबद्दल तसं बोलायला नको होतं. मलाही तो जायला नकोच आहे गं!"

वरून बारीक आवाजात, सकाळपासून पहिल्यांदा थेट, आईला वगळून, "खरंच?"

आणि ही बघायला खाली वाकली! माझं तोंड बघायला, खोटं बोलतोय का ते बघायला. पेडल सुटलं. "धर, धर!" म्हणेपर्यंत फुस्स! होती नव्हती ती सगळी हवा आत, आणि उरलंसुरलं तेल माझ्या कानात. डबा रिकामा. अबोला सुटला, क्लच गेला!

"हे सगळं खरं आहे?" सूनबाईनं हिला विचारलं.

"कानात नव्हतं गेलं, नाकात गेलं होतं," ही म्हणाली. "बाकी इथवर खरं आहे."

बघा! साक्ष मिळाली. आता माझी गाडी उताराला लागली.

मी उठलो आणि म्हणालो, "बस! क्लचशिवाय नेतो!" ठकीला पहिल्या गिअरमध्ये टाकलं आणि चावी फिरवली. बेडकासारख्या उड्या मारत ठकी फाटकाबाहेर! पुढचे गिअर मी इंजिनचा सूर ऐकून टाकत गेलो. फक्त थांबायची सोय नव्हती. थांबलो की इंजिन बंद, आणि बॅटरी तर आधीच म्हातारी. चौकात पोलिसानं हात आडवा केला. थांबायचं कसं? मी त्याच्याभोवती गोल फिरायला लागलो. तोही माझ्याबरोबर फिरायला लागला. शेवटी त्यालाच चक्कर आली आणि त्यानं हात हलवून "जा बाबा" केलं!

स्टेशनसमोर गोल बाग होती. तिच्या कडेला दादा ट्रंका घेऊन उभा. मी ठकी त्या बागेभोवती फिरवत ठेवली. ही खिडकीतून अर्धी बाहेर.

"दादा, पोचल्यावर..." आम्ही पुढं गेलो. एक फेरी मारून परत आलो. "...पत्र टाक!"

"टाकतो! तू तब्येतीला..." पुन्हा फेरी. "...जप!"

असा बहीणभावाचा निरोप, फेरी-फेरीनं! एका फेरीत हिनं घरून आणलेला डबा दिला, पुढच्या फेरीत त्यानं हिचे डोळे पुसले, त्याच्या पुढच्या फेरीत माझे. हमाल कडेला उभे राहून टाळ्या वाजवत होते. शिट्टी झाली. दादा आगगाडीत चढला, डब्याच्या दारात उभा राहून हात हलवत राहिला, आणि आम्ही अजून त्या बागेभोवती...

"अहो!" हिनं सुई अभ्र्यात खोचून ठेवली. "कुठली बाग आणि कुठल्या फेऱ्या! ठकी फाटकाबाहेर तरी पडली होती का? आपली वाट बघून बघून दादाच टांगा करून निरोप घ्यायला घरी आला, आणि तुम्ही त्याला 'दोन मिनिटं पाय दे' म्हणून पेडलवर बसवलंत! तुम्ही खालून 'धर, सोडू नकोस' ओरडत बसलात आणि तिकडं त्याची आगगाडी निघून गेली. तो डोक्याला हात लावून ओट्यावर बसला होता, आणि मी मेली आत खुशीत त्याचं अंथरूण घालत होते!"