निळ्या वायरीला करंट नव्हता

वायरीत बिघाड आहे असं कुणी म्हटलं की मला जरा बरंच वाटतं. बावीस वर्षं साखर कारखान्यात वायरमन आहे मी! ऐन गळीत हंगामात बंद पडू पाहणारी मोटर मी नुसत्या आवाजावरून ओळखली आहे. त्यामुळे २००९च्या जुलैत आमच्या पाटसच्या घरातलं इंटरनेट गेलं, तेव्हा मी आधी चहा संपवला आणि मग उठलो.

थोरली गौतमी मात्र रडकुंडीला आली होती. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा फॉर्म कम्प्युटरवरच भरायचा होता आणि त्याच दिवशी पाच वाजता मुदत संपत होती. कम्प्युटर माडीवर, मोडेम खाली फोनपाशी, आणि जिन्याच्या कडेनं दोघांना जोडणारी एक निळी वायर.

"पप्पा, मी दौंडला जाते. तिथं सायबर कॅफे हाय."

"घरात वायरमन असताना? लोक तोंडात शेण घालतील!"

वायर जरा सोलून मी टेस्टर लावला. दिवा लागेना.

"करंटच न्हाई!"

"पप्पा, त्या वायरीत तसला करंट नसतोय."

"करंट नसलेली वायर म्हंजी सुतळी! तू गप बस."

मी जिन्याखाली वायर कापली. टेस्टर मुका. चार पायऱ्या वर कापली. मुका. माडीच्या दारात कापली. तिथंही मुका! आत केसासारख्या आठ तारा निघाल्या. एवढ्या कशाला लागतात कोण जाणे. पण मी शिस्तीचा माणूस. पांढऱ्या पट्ट्याच्या चार एका पिळात, रंगीत चार दुसऱ्या पिळात, वर काळी टेप. फेज आणि न्यूट्रल, संपला विषय!

विषय संपला नाही. शेजारचे खंडूआबा आले. ते वीज मंडळातले रिटायर लाइनमन.

"आर्थिंग गेली आसंल. पाणी वत, मीठ टाक."

मी अर्थिंगच्या खड्ड्यात तीन बादल्या ओतल्या आणि किलोभर मीठही टाकलं. बायको धावत आली.

"आवो, सैपाकाचं मीठ हाय ते! आन् मेन स्विच तुमीच पाडलाय न्हवं? मग करंट येणार कुठनं?"

खरंच की! कामाआधी मेन बंद करायचा, हा कारखान्याचा नियम. मी मेन चालू केला. मोडेमचे दिवे लागले. इंटरनेट मात्र नाहीच!

घड्याळात पाहिलं, तर साडेचार. आणि गौतमी घरात नाही! माझ्या टेस्टरपायी पोरीचं वर्ष जाणार होतं. खोटं कशाला बोलू, मी तेव्हा मनापासून घाबरलो.

"गौतमी कुठं हाय?"

"तुमी दुसऱ्यांदा वायर कापली, तवाच वडापच्या जीपनं दौंडला गेली," बायको तांदूळ निवडत म्हणाली.

साडेपाचला गौतमी आली. हातात फॉर्मची प्रिंट होती. मी हुश्श केलं. तिनं वाकून मोडेमच्या मागं हात घातला आणि निळ्या वायरीचं मोकळं लोंबणारं टोक वर काढलं.

"झाडताना निसटलंय. एवढंच खोचायचं व्हतं, पप्पा."

आबा अर्थिंगच्या खड्ड्याकडे बघू लागले. मी घाईनं विषय बदलला.

"ब्रँच कुठली मागितलीस?"

"पयली इलेक्ट्रिकल."

माझी छाती फुगली!

"बघा आबा, पोरगी बापावर गेली!"

"तसं न्हाई पप्पा," जिन्यावरची टेप सोडवत ती म्हणाली, "घरात एक तरी वायरमन पायजे."