कुमुदताईचा टोप

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत कुमुदताईच्या दारावर टकटक केली, की आतून "कोण?" असं कधीच ऐकू येत नाही. आतून येतं, "बोला, कोण हवंय?" घरात ती एकटीच राहते, म्हणजे दुसरं कोण हवं असणार? पण तेहतीस वर्षं एका कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर बसलेल्या बाईची जीभ निवृत्त व्हायला तयार नाही. दूधवाल्याला ती सांगते, "होल्ड करा, भांडं आणते." भांडणात समोरचा फारच चढला, तर "तुमचा आवाज तुटतोय" म्हणून दार लावून घेते. एकदा चाळीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी गच्चीच्या गळतीवर पाऊण तास बोलले. ही उठली आणि म्हणाली, "तीन मिनिटं केव्हाच झाली. कट करू का?"

तिचं दुसरं वेड गळाचं. तिचे वडील मालवणकडचे, मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम. सुट्टीच्या दिवशी ते लेकीला घेऊन वरळीच्या खडकांवर जाऊन बसायचे. वडील गेले, मिल गेली, ताई मात्र दर रविवारी पहाटे खांद्याला गळाची काठी आणि हातात कोलंबीची पिशवी घेऊन निघतेच. लग्न तिने केलं नाही. का, ते विचारायची आमच्या चाळीत कुणाची हिंमत झाली नाही. एका आगाऊ पाहुणीने विचारलं होतं. तिला उत्तर मिळालं, "राँग नंबर."

खडकावर आम्ही चौघं असायचो. ताई, मी, लोअर परळच्या कुरिअर ऑफिसातला कदम आणि भायखळ्याचा फर्नांडिस, जो एसी दुरुस्त करतो आणि मिळेल तो पैसा गळाच्या परदेशी रिळांवर उडवतो. चांगली पंधरा-सोळा वर्षं आम्ही एकाच खडकावर बसलो. मासा कुणालाही लागो, चहा ताईच्या थर्मासातला.

मग किनाऱ्यावर रस्त्याचं काम निघालं. पत्रे ठोकले गेले आणि आमचा खडक पत्र्यांच्या पलीकडे गेला. अलीकडे उरला जेमतेम एक कोपरा. तिथे चार माणसांनी गळ फिरवला, की एकाचा आकडा दुसऱ्याच्या कानात. दोन रविवार असेच गेले. तिसऱ्या रविवारी कदम घसा साफ करून म्हणाला, "ताई, राग मानू नका. आपण क्लिअर बोलतो. जागा तिघांचीच आहे. आणि तुमचंही वय झालं. उद्या पाय घसरला तर उचलणार कोण?"

फर्नांडिस आपल्या रिळाकडे बघत राहिला. मी कोलंबी सोलत होतो, ती सोलत राहिलो. खरं तर ती सोलून झाली होती.

ताईने आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघितलं. माझ्याकडे जरा जास्त वेळ, कारण मी तिच्या शेजारच्या खोलीतला. लहानपणी गळाला गाठ मारायला मला तिनेच शिकवलेलं.

"जागा नाही?" तिने काठी आवळली, थर्मास उचलला. "बरं. होल्ड करा."

आम्हाला वाटलं, रुसली. आठवडाभराने निवळेल. पण तीन आठवड्यांनी चाळीच्या अंगणात एक टेम्पो उलटा घुसला आणि त्यातून उतरली चौदा फुटी ॲल्युमिनियमची होडी. पुण्याच्या बाजूला तलावाकाठचं कसलंसं रिसॉर्ट बंद पडलं होतं, त्यांची ही. ताईने मोबाइलवर जाहिरात बघितली आणि उचलली. अंगणात दुचाक्यांच्या रांगेत ती होडी चकाकत पडली. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी डोळ्यांवर हात धरून विचारलं, "कसली टाकी आणलीत गो?"

"टाकी नाही, बोट आहे. माझी."

बातमी खडकावर पोचायला वेळ लागला नाही. कदम त्याच संध्याकाळी आला. होडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "ताई, हा टोप आहे. झाकण कुठंय?" फर्नांडिसने बोटाच्या पेराने वाजवून बघितली. टण्ण! "आवाज बहोत आहे, ताई. मासा अलिबागला पळेल." गळवाल्यांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात पंचवीस-तीस माणसं. तिथे तर लग्नघर झालं. एकाने लिहिलं, शिट्ट्या किती द्यायच्या? दुसरा म्हणाला, दुपारी नुसतं तेल सोडा, पापलेट आपोआप फ्राय. तिसऱ्याने गंभीरपणे कळवलं, की खाऱ्या पाण्यात सहा महिन्यांत चाळण होईल. चौथा रसायनशास्त्र घेऊन आला. यातल्या एकाकडेही होडी नव्हती. लाकडाची नाही, फायबरची नाही, कागदाचीसुद्धा नाही.

ताईने सगळं वाचलं आणि एवढंच लिहिलं, "लाइन चालू आहे. बोलत राहा."

मग तिने पेंटर बोलावला. पेंटरने विचारलं, "नाव काय टाकू? सागरकन्या? आईची कृपा?"

"टोप," ताई म्हणाली. "दोन्ही बाजूंनी. मोठ्या अक्षरात, म्हणजे चष्मा नसलेल्यांनाही वाचता येईल."

निळ्या अक्षरांत टोप! पेंटरने हळूच एक फूल काढायचा प्रयत्न केला, तो तिने पुसायला लावला.

बोटीचा नंबर घ्यायला सरकारी ऑफिसात मी तिच्याबरोबर गेलो होतो. टेबलामागच्या माणसाने अर्ज बघितला, मला आपादमस्तक न्याहाळलं, मग तिच्या खांद्यावरून मागे बघत विचारलं, "मालक कुठे आहेत?"

"बोलतेय," ताई म्हणाली.

तो माणूस गोंधळला. "नाही, बोटीचे मालक..."

"बोलतेय! पुढे बोला."

चार खेपा झाल्या. दर खेपेला एखादा नवा कागद कमी निघायचा. पाचव्या खेपेला ती डबा घेऊनच गेली आणि टेबलासमोर बसून जेवायला लागली. माशाचा वास अख्ख्या ऑफिसभर पसरला आणि नंबर मिळाला.

होडी ठेवायला जागा मिळाली वरळीच्या कोळीवाड्यात. ताई ज्या कोळणीकडून वर्षानुवर्षं बोंबील घेते, तिच्या घरासमोर, वाळूवर. तिथल्या एका म्हाताऱ्या कोळ्याने होडीवर हात फिरवला, एका टोकाला धरून उचलून बघितली. मला वाटलं, आता हाही हसणार. तो हसला नाही. "हलकी हाय," तो म्हणाला. "वारा असला की बाहेर काढू नको. खाडीच्या तोंडाला जाऊ नको." आणि पुढचे दोन महिने त्याने ताईला इंजिन कसं मारायचं, लाट कशी घ्यायची, ते शिकवलं. ज्यांचं पोट समुद्रावर आहे, त्यांना तिच्या होडीत हसण्यासारखं काही दिसलं नाही. हसत होतो ते आम्ही, रविवारचे मासेमार.

टण्ण आवाजावर ताईने उपाय काढला. तळाला जुन्या गोधड्या, वर रबरी चटया. खाऱ्या पाण्यावर उपाय म्हणजे प्रत्येक खेपेनंतर दोन बादल्या गोडं पाणी. पाणी ती चाळीतून कॅनमध्ये भरून न्यायची. आमच्याकडे पाणी सकाळी दीड तास येतं. शेजारच्या वहिनींनी टोमणा मारला, "माणसांना नाही आणि टोपाला अंघोळ!" ताई वळली. "माझ्या वाटणीचा पाणी. आज मी अर्ध्या बादलीत न्हालंय. तुज्या बापाशीचा काय जाता?" ताई मालवणीवर आली, की चाळ आपोआप आत जाते.

पहिल्याच महिन्यात तिला जिताडा लागला. चांगला हातभर. तिने ग्रुपवर फोटो टाकला. खाली एक ओळ, "अलिबागहून परत आला."

त्यानंतर गंमत सुरू झाली. उघडपणे टोपाची टवाळी तशीच चालू राहिली, पण एकेक जण गुपचूप ताईला फोन करायला लागला. फर्नांडिसचा मेहुणा गोव्याहून आला होता, त्याला "फक्त एक चक्कर" हवी होती. कुणाच्या पुतण्याचं लग्नाआधीचं फोटोशूट होतं. ज्याने चाळण होईल म्हणून लिहिलं होतं, त्याने इंजिनाचा आवाज कितपत येतो हे "अभ्यासासाठी" बघायचं म्हटलं. कदम तर स्वतःच कोळीवाड्यात गेला, वाळूवरच्या होडीला रेलून, काळा चष्मा लावून फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला, "संडे मूड, आपली बोट." नाव त्याने पाठीने बरोब्बर झाकलं होतं. ताईने खाली लिहिलं, "पाठ काढा, कदम."

सगळ्यांना तिने एकच उत्तर दिलं. "मेहुण्यासाठी लाइन नाही. पुतण्यासाठी लाइन नाही. स्वतःसाठी हवी असेल तर स्वतः या आणि तोंडाने मागा."

तोंडाने कोण मागणार? टोप म्हणून झालं होतं. पाय घसरेल म्हणून झालं होतं. आम्ही तिघं आपल्या कोपऱ्यात बारके शिंगाळे मासे काढत बसायचो आणि समोरून ताईची होडी जायची. ती डोक्याला रुमाल बांधून ताठ बसलेली. आम्ही दिसलो, की इंजिनाचा वेग मुद्दाम कमी करायची, सावकाश जायची. कदम म्हणायचा, "बघितलंस? दाखवते. जळवते आपल्याला." मलाही तसंच वाटायचं. मी एकदा हात हलवला होता. तिनेही हलवला. मग मी गळाकडे वळलो, तीही निघून गेली.

अशी दोन वर्षं गेली.

यंदाच्या मे महिन्यात एका संध्याकाळी तिने मला हाक मारली. तिचा गुडघा सुजला होता आणि लोणच्याची बरणी पोटमाळ्यावर. मी शिडी लावून चढलो. वर अंधार, जुन्या पत्र्याच्या ट्रंका आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे. बरणी कोपऱ्यात होती. ती ओढताना हाताला काहीतरी फुगीर, गुळगुळीत लागलं. मोबाइलचा दिवा लावला.

प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेली नारिंगी लाइफ जॅकेटं होती. तीन. उघडलेलीसुद्धा नव्हती. प्रत्येक पिशवीवर पांढऱ्या पट्टीचा तुकडा आणि त्यावर ताईचं ते बोर्डावरचं सुटं, ठळक अक्षर. कदम. फर्नांडिस. दिनू.

दिनू म्हणजे मी.

एका पिशवीला दुकानाची पावती टाचलेली होती. तिच्यावरची तारीख मी दोनदा वाचली. कदम खडकावर जे बोलला, त्याच्या दुसऱ्या आठवड्यातली. होडी अजून अंगणात यायची होती. आम्ही अजून हसलोही नव्हतो.

चौदा फूट! चार बसायच्या जागा! एकट्या बाईला एवढी मोठी होडी कशाला, यावरही आम्ही तेव्हा हसून घेतलं होतं.

"मिळाली काय रे?" खालून ताईचा आवाज.

मी बरणी घेऊन खाली आलो. म्हणालो, "ताई, वर जॅकेटं आहेत."

तिने बरणी माझ्या हातून घेतली, फडक्याने पुसायला लागली. "दुकानदार सुटं देईना. चारांचाच संच होता."

"आणि नावं?"

ती बरणी पुसतच राहिली. ती बरणी आता चकचकीत झाली होती. मग म्हणाली, "तुमचा खडक गेला होता. मला वाटलं, बसायला जागा हवी. आणली जागा. तुम्ही टोप म्हणालात, मी पण इरेला पेटले. मग कशाला सांगायचं?" आणि लगेच नेहमीच्या आवाजात, "जा आता. जेवायचंय मला."

मी घरी आलो. त्या दिवशी खडकावर मी एक वाक्य बोललो असतो, नुसतं "सरकून बसू रे" म्हणालो असतो, तरी पुष्कळ होतं. मी कदमला फोन केला. तो "आपण क्लिअर बोलतो" म्हणून सुरुवात करणार होता, पण मी ते होऊ दिलं नाही. जॅकेटांचं आणि त्यांवरच्या नावांचं सांगितलं. मग तो म्हणाला, "माझं नाव पण होतं?"

"पहिलं तुझंच होतं."

रविवारी सकाळी आम्ही तिघं कोळीवाड्याच्या वाळूवर उभे होतो. समुद्र शांत होता. ताई इंजिनाशी खटपट करत होती. तिने मान वर करून बघितलं आणि परत खाली घातली.

कदम पुढे झाला. इतकी वर्षं मी त्याला ओळखतो, पण तोंडातून शब्द काढायला त्याला इतका त्रास होताना मी पहिल्यांदाच बघत होतो. "ताई, आम्हाला... म्हणजे मला. यायचंय. जागा आहे का?"

ताई सावकाश सरळ उभी राहिली. आमच्या तिघांकडे बघून घेतलं. "सल्ले द्यायचे नाहीत," ती म्हणाली. "उभं राहायचं नाही. आणि जॅकेटाशिवाय कुणी पाय ठेवायचा नाही."

होडीत तिन्ही पिशव्या आधीच ठेवलेल्या होत्या. सुजल्या गुडघ्याने ती पोटमाळ्यावर कधी चढली, ते तिलाच ठाऊक.

फर्नांडिसला जॅकेट नेमकं बसलं. मलाही बसलं. कदमचं पोट या दोन वर्षांत बरंच पुढे आलेलं. त्याने श्वास आत घेतला, पुन्हा घेतला, पण पट्टा काही केल्या लागेना. ताई होडीतून उतरली, त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि एखाद्या पोराला शाळेत पाठवताना घालावा तसा त्याचा पट्टा सैल करत करत शेवटच्या भोकापर्यंत नेला आणि लावला.

"तेव्हाच आला असतास, तर व्यवस्थित बसलं असतं," ती म्हणाली.