भोंगा होईपर्यंत

"थांबणार म्हणून रोवनला सांगितलंय ना मी?" नेव्हिल म्हणाला. "मग थांबणार. विषय संपला."

"मग गाडी रस्त्याजवळच्या फाटकापाशी कशाला लावलीस?" डॉरीनने विचारलं.

"इथे सावली असते."

डॉरीनने काचेतून वर पाहिलं. ऑगस्ट महिना, म्हणजे इकडचा ऐन हिवाळा, हाडं गोठवणारी थंडी आणि सकाळपासून भरून आलेलं आभाळ. सावली म्हणाल तर अख्ख्या वुंडारी गावावर होती. तिने पिशवीतून सुया काढल्या आणि अर्धवट राहिलेल्या मोज्याची टाच वळवायला घेतली. चाळीस-बेचाळीस वर्षांच्या संसारात कुठे बोलायचं आणि कुठे नुसतं विणायचं, हे तिला चांगलं कळलं होतं.

वुंडारीत शनिवारी फुटबॉल (इकडचा, चेंडू हातानेही झेलतात तो) बघायला जायचं म्हणजे गाडी घेऊन जायचं. मैदानाभोवती कंबरभर उंचीचा कठडा आहे, त्याला नाक लावून गाड्या गोल उभ्या राहतात आणि माणसं आत बसून, काच पुसत सामना बघतात. आपल्या पोरांनी गोल केला की टाळ्या कोणी वाजवत नाही, हॉर्न वाजवतात. गोल झाला आणि हॉर्न वाजला नाही तर 'अमक्याचं कुणी गेलं की काय' अशी चौकशी सुरू होते. सामना संपला की भोंगा होतो, आणि मग सगळे मैदानात उतरतात.

सगळे, म्हणजे नेव्हिल हार्टिगन सोडून. नेव्हिलची गाडी भोंग्याच्या आधीच निघालेली असे. एक गाडी गेली की रांगेत पडलेल्या दातासारखी फट दिसते. त्यामुळे ही गोष्ट गावात कोणापासून लपलेली नव्हती.

"काय करणार, ट्रॅफिक लागतं," तो सांगे.

गावाला रस्ता एक, बेकरी एक, पब एक. सिग्नल नाहीच. 'नेव्हिलचं ट्रॅफिक' हा पबमधला कायमचा विनोद झाला होता आणि नेव्हिल तो मुकाट्याने ऐकून घेई, कारण खरं कारण सांगण्यापेक्षा ते बरं होतं.

खरं कारण असं की त्यांचा मुलगा रोवन एकोणीस वर्षांचा असताना अंतिम सामन्यात शेवटची किक त्याच्याकडे आली होती. सगळं गाव श्वास रोखून बघत होतं आणि रोवन चुकला. पोरगं गुडघ्यांवर बसलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून तसंच बसून राहिलं. ते नेव्हिलने पाहिलं. बस, त्यानंतर त्याच्याच्याने शेवट बघवेना. सामना एकतर्फी असेल तर प्रश्न नव्हता. पण अटीतटीचा झाला की त्याचा हात आपोआप किल्लीकडे जाई. मात्र तो घरी जात नसे. गावाबाहेर धान्य साठवायचे उंच सायलो आहेत, तिथे गाडी थांबवायची, काच खाली करायची आणि लांबून येणाऱ्या हॉर्नच्या आवाजावरून काय झालं ते ओळखायचं. ऑगस्टच्या वाऱ्यात काच खाली. शेजारी डॉरीन, कानटोपी घालून. रोवनला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला एवढंच दिसे, की भोंगा होतो तेव्हा बापाची जागा रिकामी असते.

आणि आजचा सामना रोवनचा शेवटचा होता. वय पस्तिशीला टेकलं होतं आणि गुडघ्याने हात टेकले होते. काल फोनवर त्याने एवढंच विचारलं होतं, "बाबा, उद्या शेवटपर्यंत असशील ना?" नेव्हिल म्हणाला होता, "म्हणजे काय!"

आता म्हणायला माणूस काय वाटेल ते म्हणतो. शेजारच्या लेक बार्टन गावचे पाहुणे पुढे होते खरे, पण हातातून सामना निसटावा इतके नाहीत. वुंडारीची पोरं सारखी मागून येऊन त्यांना गाठत होती. सरळ हरले असते तर नेव्हिल सुखाने बसला असता. शेवटचं सत्र निम्मं झालं आणि त्याचा हात किल्लीकडे गेला.

"डॉरीन, मला वाटतं बेकरी लवकर बंद होते आज."

"बेकरी दुपारीच बंद झाली."

"मग... पाव घरात आहे का बघायला हवं."

डॉरीनने सुई थांबवली नाही. "तोंडावर सांगून आलायस पोराला."

"पाचच मिनिटं जाऊन येतो," नेव्हिल म्हणाला आणि त्याने किल्ली फिरवली.

गाडी 'टक्' म्हणाली. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. मग तेही नाही. नेव्हिल खाली उतरला, डिकी उघडली. बॅटरी जोडायच्या तारा नेहमीच्या जागी नव्हत्या. त्याने शेजारच्या गाडीची काच वाजवली. आत मॅका होता, नेव्हिलचा शाळेपासूनचा सोबती.

"तारा आहेत का रे?"

"कशाला? कुठे जातोयस?" मॅकाने मैदानावरची नजर न काढता विचारलं. "ट्रॅफिक वाढलं का?"

"मॅका, चेष्टा नको. बॅटरी बसलीय. धक्का मारायला ये."

"आत्ता? शेवटच्या सत्रात?"

पण वुंडारीत धक्का मागितला तर नाही म्हणत नाहीत. मॅका उतरला, पलीकडच्या गाड्यांतून आणखी तिघे उतरले. काम साधं नव्हतं. मैदान खोलगट, गाडीचं नाक उताराकडे. म्हणजे आधी गाडी मागे चढावर ढकलायची, रस्त्याला लावायची, मग धक्का स्टार्ट. चौघे बॉनेटला टेकले, पण माना सगळ्यांच्या मागे मैदानाकडे वळलेल्या. गाडी वीतभर चढायची आणि कोणीतरी म्हणायचं, "अरे पास दे, पास दे!" की वीतभर खाली.

"इकडे लक्ष द्या की!" नेव्हिल स्टिअरिंगवरून ओरडला. शेवटी तो स्वतःच उतरला आणि दाराच्या चौकटीला खांदा लावून रेटू लागला. डॉरीन आत बसून विणत होती.

"तू तरी उतर, तेवढंच वजन कमी होईल," तो धापा टाकत म्हणाला.

"माझे टाके मोजून चाललेत," डॉरीन म्हणाली.

अशी रेटत रेटत गाडी वर आली, थोडी वळली. आता तिचं नाक बरोबर कठड्यातल्या फाटकाच्या समोर होतं, आणि फाटक सताड उघडं, कारण खेळाडूंना पाणी नेणाऱ्यांची त्यातून सारखी ये-जा चालू होती. आणखी हातभर रेटा बसला असता तर गाडी सपाटीला लागली असती. तेवढ्यात वुंडारीने गोल केला.

आता वुंडारीच्या माणसाला गोल दिसल्यावर तो काय करतो? हॉर्नकडे धावतो. चौघांनी हात सोडले आणि चौघे चार दिशांना आपापल्या गाड्यांकडे पळाले. त्यांना दोष तरी काय द्यावा? नेव्हिलनेही तेच केलं. अंगवळणी पडलेली सवय. त्याने रेटा सोडला, खिडकीतून हात घातला आणि हॉर्न दाबला. तो वाजला नाही. गाडी मात्र निघाली.

सगळ्या मैदानाभोवती हॉर्नचा नुसता कल्लोळ आणि त्या कल्लोळात नेव्हिलची गाडी, आत डॉरीन, बाजूने खिडकीत हात अडकल्यासारखा दुडक्या चालीने धावणारा नेव्हिल, अशी वरात फाटकातून सरळ मैदानात शिरली.

"ब्रेक! डॉरीन, हँडब्रेक ओढ!"

डॉरीनने ओळ पूर्ण केली, सुया मांडीवर ठेवल्या आणि हँडब्रेक ओढला. गाडी गोलच्या खांबांसमोर, हिरवळीवर उभी राहिली.

हॉर्न एकेक करत थांबले. पंच म्हणून एक तरुण मुलगी होती. चेंडू काखेत मारून ती चालत आली.

"ही गाडी कोणत्या बाजूने खेळतेय?" तिने विचारलं.

अख्खं मैदान हसलं. नेव्हिलला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दोन्ही संघांची पोरं गाडी ढकलायला आली आणि त्यांच्यात सगळ्यात पुढे, चिखलाने माखलेला, रोवन होता.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "कुठे निघाला होतास?"

"पाव..." नेव्हिल म्हणाला.

रोवनने बॉनेटला हात लावले. बापही शेजारी वाकला. दोघं ढकलू लागले. "मी शेवटी नेहमी तुझ्या जागेकडे बघतो," रोवन म्हणाला. "किक मारायच्या आधी. फट दिसते. एवढी लाज वाटते का रे माझी?"

नेव्हिलचे हात थांबले. "लाज? कसली लाज? अरे, तू चुकलास की मला बघवत नाही रे. तू असा गुडघ्यांवर बसला होतास ना... माझ्या जिवाचं पाणी झालं होतं तेव्हा. मी घरी जात नाही, रोवन. सायलोपाशी थांबतो. काच खाली करून ऐकतो."

"या थंडीत?"

"आईला विचार."

"दोनदा सर्दी झालीय मला," आतून डॉरीन म्हणाली.

रोवन बापाकडे बघतच राहिला. तेवढ्यात पंच मुलीने शिट्टी फुंकली. "संमेलन झालं असेल तर खेळूया का?"

गाडी फाटकापर्यंत गेली आणि तिथेच तोंड मैदानाकडे करून अडकली. चढावर रेटायला आता कोणाच्या अंगात जोर नव्हता. नेव्हिल सीटवर येऊन बसला. पुढे काचेतून सगळं मैदान, अगदी समोर गोलचे खांब. बायकोकडे न बघता तो म्हणाला, "बॅटरी मार्चमध्ये नवीन घातली होती."

"हो."

"तारा डिकीत असतात."

"असतात. आज माझ्या पिशवीत आहेत, लोकरीखाली." डॉरीनने सुया पुन्हा उचलल्या. "तू सॉसेज रोल आणायला गेलास तेव्हा दिवे लावले, पंखा लावला, मागच्या काचेचं ते गरम व्हायचं लावलं. मिळालं ते बटण दाबलं मी. चालत जायचं असेल तर जा. सगळं गाव बघतंय."

नेव्हिल गेला नाही. जावंसं मात्र फार वाटत होतं.

वुंडारी आता एकाच गुणाने मागे होती. वेळ संपत आली आणि गर्दीतून रोवन उडाला, दुखऱ्या गुडघ्यावरच, आणि त्याने चेंडू वरच्या वर पकडला. तेवढ्यात भोंगा झाला. पण भोंग्याआधी झेललेल्या चेंडूवर किक मिळते. नियमच आहे. म्हणजे पुन्हा तेच: सगळं गाव, शेवटची किक आणि रोवन. मधल्या दोन खांबांतून गेला तर सहा गुण. खांबाला लागला किंवा जरा बाजूने गेला तर एक.

रोवनने चेंडू हातात फिरवला आणि वर पाहिलं. गोलकडे नाही, फाटकाकडे.

"मला नाही बघवणार," नेव्हिल म्हणाला.

"बघ," डॉरीन म्हणाली. तिने त्याचा हात धरला होता.

त्याने पाहिलं. डोळे उघडे ठेवून, अगदी शेवटपर्यंत. चेंडू उठला, छान उठला, मग वाऱ्याने जरा कलला आणि खाडकन खांबावर आपटला.

एक गुण. बरोबरी.

मैदानाभोवती कोणाला कळेना काय करावं. बरोबरीला हॉर्न वाजवायचा असतो का? कोणी जिंकलंच नाही तर वाजवायचा कोणासाठी? कुठून तरी एकाने अर्धाच वाजवला आणि लाजून बंद केला. रोवन दोन्ही हात कमरेवर ठेवून खांबाकडे बघत उभा होता. गुडघ्यांवर बसला नव्हता.

माणसं गाड्यांतून उतरून मैदानात जाऊ लागली. नेव्हिल बसूनच. इतकी वर्षं फुटबॉल बघितला, पण भोंग्यानंतर काय करतात ते त्याला ठाऊकच नव्हतं.

"आता काय करायचं असतं?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"आता आपल्या पोराकडे चालत जायचं असतं," डॉरीन म्हणाली. "जा."

तो गेला. ओल्या गवतातून, घरच्या सपाता घालूनच. रोवनसमोर जाऊन उभा राहिला.

"बघितलंस?" रोवनने विचारलं.

"बघितलं."

"मग?"

"फार वाईट मारलास," नेव्हिल म्हणाला. "तुझ्या आजीनेही घातला असता तो."

रोवन हसू लागला. हसता हसता त्याचे डोळे भरले आणि त्याने चिखलाचा हात बापाच्या खांद्यावर टाकला. "मला वाटलं होतं, बघितलं तर मी मरेन," नेव्हिल म्हणाला. "मेलो नाही रे." दोघं तसेच उभे राहिले.

पुढची हकिगत डॉरीन सांगते. म्हणजे तिला जेवढी माहीत आहे तेवढी. नेव्हिल मैदानात कोणाकोणाला हात मिळवत फिरला. लेक बार्टनच्या लोकांनाही भेटला. मग क्लबच्या खोलीत गेला, बिअर घेतली आणि तो खांब कसा मध्ये आला हे मॅकाला, पंच मुलीला आणि ज्याने ज्याने ऐकलं त्याला सांगत बसला. डॉरीन थंडगार गाडीत वाट बघून बघून कंटाळली. शेवटी दारातून डोकावून तिने तारा पुढे केल्या. "नेव्हिल, निघायचं ना आता?"

"होऽऽ, एवढी काय घाई आहे?" नेव्हिल म्हणाला. "आत्ता तर सगळे जमलेत."

डॉरीन शेजारच्या ग्लॅडिसच्या गाडीतून, नेव्हिलला सोडून, घरी गेली. वाटेत सायलो आले तेव्हा ग्लॅडिसने विचारलं, "काच खाली कशाला केलीस, थंडी मरणाची आहे."

"उगीच," डॉरीन म्हणाली. मैदानाकडून बापलेकांच्या हसण्याचा आवाज येतोय का, ते ती ऐकत होती.