धुळ्याला शंभरपैकी अकरा

राहायला गाव कसं निवडावं, हे अख्ख्या खानदेशात फक्त मला कळतं. गर्वाने सांगत नाही, चिडून सांगतो. कारण बाकीच्यांची निवड मी पाहिली आहे. कोणी हवा बघतो, कोणी पाणी बघतो, कोणी मुलाच्या नोकरीमागे चंबूगबाळं उचलून जातो. अरे, हवा काय ताटात वाढून घ्यायची आहे? गावात कीर्तन कसं होतं ते बघा! मृदंग सुरात आहे का, टाळकरी वेळेवर येतात का, आणि श्रोते महाराजांकडे बघतात की मोबाइलकडे. या तीन गोष्टींत गावाचं अख्खं चारित्र्य कळतं.

जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या फॅक्टरीत मी चौतीस वर्षं नोकरी केली. जेवढ्या रजा घेतल्या तेवढ्या कीर्तनासाठी घेतल्या, आणि ऐकलेल्या प्रत्येक गावाला एका निळ्या वहीत शंभरपैकी गुण दिले. नाशिकला बहात्तर. नागपूरला चौसष्ट. पुण्याला एक्केचाळीस, कारण तिथे कीर्तन रंगात आलं की लोक घड्याळ बघतात. इंदूरला सत्तर देणार होतो, पण महाराज डोळे मिटून आळवत असताना माझ्यामागे एकाने कुरूमकुरूम कचोरी खाल्ली. दहा कापले. आणि जळगावला? एक्क्याण्णव! नऊ गुण मी नम्रतेपोटी राखून ठेवले.

मेअखेर निवृत्ती, आणि क्वार्टर रिकामं करून द्यायचं. जळगावात मी एक घर हेरूनही ठेवलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून विठ्ठलमंदिराचा कळस दिसतो! भाजी ढवळता ढवळता दर्शन. घरमालकाला सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता.

पण आमच्या सौभाग्यवती दिपमाला धुळ्याच्या. भाऊ नवल तिथेच देवपुरात राहतो, त्याच्याच कॉलनीत एक घर रिकामं होतं. ती मला एवढंच म्हणाली, "चौतीस वर्षं तुमच्या फॅक्टरीच्या भोंग्यावर उठले. आता माझ्या गावात झोपणार."

मी रागावलो नाही. मी कधी रागावत नाही; मला चीड येते. दोन्हींत फरक आहे आणि तो आमच्या घरात कोणालाही कळत नाही.

शेवटी तोड निघाली. नवलच्या कॉलनीत सप्ता होता. सात दिवस तिथे राहायचं, सातही कीर्तनं ऐकायची. धुळ्याला पन्नासच्या वर गुण पडले तर धुळं, नाही तर जळगाव. परीक्षक मीच. आता असल्या परीक्षेचा निकाल काय लागणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला पाहिजे? मी निळी वही आणि दोन धोतरं पिशवीत टाकली आणि हसत हसत एसटीत बसलो.

पहिल्याच दिवशी हसू मावळलं. कीर्तनाची वेळ संध्याकाळी सहाची. महाराज सहाला उभे. वीणेकरी उभा. टाळकरी उभे. आणि मृदंगवाला? मृदंगवाले उखर्डूआबा सहा पंचवीसला आले, तळहातावर तंबाखू मळत, पोलीस पंचनाम्याला यावेत इतक्या सावकाश! मी सगळ्यांदेखत उठलो. म्हटलं, "आबा, देव सहाला आला. त्याला ताटकळत ठेवलंत."

आबांनी चिमूट गालात धरली. "देवले सवय व्हई जायेल शे, भाऊ."

देवाला सवय झाली म्हणे! मंडप हसला. महाराजसुद्धा हसले. माझ्या कानशिलाची शीर अशी उडायला लागली की तिच्यावर ठेका धरता आला असता. रात्री वहीत लिहिलं: धुळे, शंभरपैकी दोन.

दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच मी नवलची स्कूटर घेऊन आबांच्या दारात. मागे आबा, त्यांच्या मांडीवर मृदंग. सहाला पाच कमी असताना मंडपात हजर! मला वाटलं, आता या कॉलनीचे डोळे खाली झुकतील. कसचे झुकतात! नवल धावत आला, म्हणाला की पाव्हणे, फार छान झालं, आता आबांना रोज तुम्हीच आणत जा.

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. स्पीकर शिट्टी मारायचा, जणू आत कुकर लावलाय. मी स्पीकरवाल्याला झापलं. रात्रीपर्यंत स्पीकरच्या पेटीची किल्ली माझ्या जानव्यात. पुढच्या रांगेतले चौघे मोबाइलवर क्रिकेट बघताना सापडले. मी चारही मोबाइल पिशवीत जमा केले; दुसऱ्या दिवसापासून ती पिशवी घेऊन दारात मीच उभा. प्यायचं पाणी कोमट, ओरडलो. माठ भरायचं काम माझ्याकडे. चपला वेड्यावाकड्या, ओरडलो. पुढचं तुम्हीच ओळखा. माझ्या संतापाचं या लोकांनी कार्यकारी मंडळ करून टाकलं!

तिसऱ्या दिवशी मात्र कहर झाला. मंडपाच्या दारावर फलक होता, त्यावर यजमानाचं नाव हे एवढ्या मोठ्या अक्षरांत. मी विचारलं, हे गृहस्थ कुठे दिसत नाहीत? उत्तर आलं, ते सुरतला असतात. काल्याच्या दिवशी येतील, फोटो काढतील, जातील.

आता ही रीत जरा सांगायला हवी. सप्त्याच्या शेवटी, काल्याच्या सकाळी, महाराज वीणेपुढे पाटावर एक नारळ ठेवतात. जो उचलून कपाळाला लावील तो पुढच्या वर्षीचा यजमान. नारळ लाल फडक्यात बांधून वर्षभर त्याच्या देवघरात राहायचा, आणि सप्त्यात रोज पहाटे वीणा त्याच्याच उंबऱ्यावरून निघायची. एकदा उचललेला नारळ परत पाटावर ठेवता येत नाही. आणि हा पठ्ठ्या तो नारळ घेऊन सुरतला? वीणा काय रोज रेल्वेने आणायची?

मी भर मंडपात बैठक बोलावली. उभं राहून ठराव सांगितला: नारळ उचलणाऱ्याने वर्षभर याच कॉलनीत राहिलं पाहिजे, कोणालाही, कसलीही सूट नाही. नवलने तो वहीत लिहिला. अकरा जणांनी सह्या केल्या. सूचक म्हणून सगळ्यांत वर माझी सही, चांगली ठसठशीत, खाली दोन रेघा ओढून.

एवढ्या गडबडीत दिपमालाकडे माझं लक्ष नव्हतं असं नाही. चौथ्या दिवशी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली ती कोपरापर्यंत पीठ घेऊनच, आणि अंगणातल्या दगडावर बसून राहिली. आत नवलची बायको रूपा खापरावर पुरणाचे मांडे टाकत होती. म्हटलं, मांडे झाले का? तर म्हणाली, "झाले असतील." पाचव्या दिवशी बोललीच नाही. सहाव्या दिवशी तिने पिशवी भरायला घेतली. मी मनात म्हटलं, बघा, विजयाचा माज! मी या कॉलनीत राबतोय म्हणजे धुळं पास झालं असं हिला वाटतंय. थांब, निकाल लागू दे.

खरं सांगतो, पाचव्या दिवसाचं कीर्तन चांगलं झालं. चांगलं म्हणजे काय, महाराजांनी सुदामा द्वारकेच्या दारात उभा केला आणि उखर्डूआबांचा मृदंग असा हळू आला, जणू तोच बिचारा आत जाऊ का म्हणून विचारतोय. मी मोबाइलची पिशवी तोंडावर धरून रडलो. आत कोणाचा तरी फोन वाजत होता, तोही मला गोड लागला. शेवटी हात जोडून आबांकडे गेलो तर ते म्हणाले, "भाऊ, वेळवर उनू म्हनीसन वाजना." वेळेवर आलो म्हणून वाजला! त्या दिवशी धुळ्याचे दोनाचे अकरा केले. मन मोठं असावं माणसाचं.

मग आला काल्याचा दिवस, शनिवार. सकाळी दहाला कीर्तन, बाराला हंडी. महाराजांनी नारळ पाटावर ठेवला आणि म्हणाले, "उचला माउली."

कोणी उठेना.

महाराजांनी पुन्हा सांगितलं. टाळ वाजत राहिले. सुरतचे यजमान छताकडे बघू लागले. नवल चपलांकडे बघू लागला. सगळी कॉलनी कुठे ना कुठे बघत होती, फक्त नारळाकडे कोणी बघेना. नंतर कळलं की त्यांची काही अश्रद्धा नव्हती. सात दिवस माझं ओरडणं ऐकून त्यांना धास्ती बसली होती, की पुढच्या वर्षी हाच माणूस पाव्हणा म्हणून येणार आणि यजमानाला सोलून काढणार. वर तो ठराव!

महाराज शहाणे. म्हणाले, आधी हंडी फोडू, तोवर विचार करा. हंडी फुटली, दह्यालाह्यांचा सडा पडला आणि प्रसादासाठी झुंबड उडाली. त्या झुंबडीत पाटाला धक्का लागला. नारळ खाली. एका पायाने तो इकडून तिकडे गेला, दुसऱ्या पायाने तिकडून इकडे. वीणेपुढचा नारळ! लोकांच्या पायांत! फुटबॉलसारखा!

माझ्या डोळ्यांपुढे लाल पडदा आला. त्या दहीचिखलात मी गुडघ्यांवर शिरलो, दोघांच्या पोटऱ्या बाजूला सारल्या, नारळ धरला, उपरण्याने पुसला आणि सवयीने, पन्नास वर्षांच्या सवयीने, कपाळाला लावला. मग एका हातात नारळ उंच धरून, दुसऱ्या हाताने माइक ओढून कडाडलो, "हा काय तुडवायचा नारळ आहे? एवढ्या मोठ्या कॉलनीत हा उचलणारा एक माणूस नाही?"

  आणि मग उखर्डूआबांनी मृदंगावर थाप मारली.

"शे ना, भाऊ! उचलना ना तुम्ही!"

म्हणजे मीच उचलला! गजर असा उठला की पत्रे हादरले. मी "अहो तसं नव्हे, अहो ऐका" म्हणत होतो, पण स्पीकरची किल्ली माझ्याच जानव्यात होती आणि सकाळी आवाज मीच पूर्ण चढवून ठेवला होता, गजराचा. महाराजांनी माझ्या गळ्यात हार घातला. नवल माझ्या गळ्यात पडून रडला. लाल फडकं बांधलं गेलं. बायकांच्या बाजूला दिपमाला तोंडावर हात ठेवून उभी होती. मी म्हटलं, झालं, आनंद मावेना हिला.

नवलच्या घरी आलो. तिची पिशवी दारातच भरून ठेवलेली. मी लाल गाठोडं मांडीवर घेऊन खाटेवर बसलो आणि म्हटलं, "घे. मिळालं तुझं धुळं. आता झोप पोटभर."

तिने नारळाकडे पाहिलं. मग हळू आवाजात, आत रूपाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, म्हणाली, "मला जळगावला जायचं होतं."

"काय?"

"चौथ्या दिवशीच ठरवलं होतं. रूपाने माझ्या हातातून मांडा काढून घेतला. म्हणे, अक्का, राहू द्या, तुमचा हात आता जळगावचा झाला." तिने पदराने डोळे पुसले. "माझ्याच माहेरात मी जळगावची. म्हटलं, मग तिकडेच जाऊ. त्या खिडकीतल्या कळसाचं तुम्ही सांगत होतात ना, ते माझ्या मनात बसलं होतं. आज काला झाला की सांगणार होते."

मी निळी वही काढली, उघडली, मिटली. अकरा गुण! अकरा गुणांच्या गावात अख्खं वर्ष, आणि तोवर जळगावचं घर थोडंच थांबणार!

एसटीने वरणगावला परत निघालो. नारळ मधल्या सीटवर, कापडात, आमच्यापेक्षा ऐटीत.

पण देव दयाळू असतो. रविवारी संध्याकाळी नवलचा फोन आला. दिपमालाने तो मोठ्या आवाजावर टाकला आणि माझ्यापुढे धरला. सोमवार उजाडायचा होता. जळगावचं घर अजून हातचं गेलं नव्हतं.

नवल अगदी चाचरत बोलत होता. काल बहिणीचा चेहरा बघून त्याला काहीतरी कळलं असावं. म्हणाला की मंडळाने पुन्हा विचार केलाय. तुमचं जळगावचं ठरत होतं हे आम्हाला ठाऊक आहे. तुम्ही खुशाल जळगावला राहा, नारळ तिकडच्या देवघरात ठेवा, सप्त्यापुरते या. "तुमच्यापुरता तो ठराव बाजूला ठेवू पाव्हणे. सगळ्यांची तयारी आहे."

दिपमालाचे डोळे चमकले. तिने माझा हात धरला. मला फक्त "बरं" म्हणायचं होतं. एक शब्द. दोन अक्षरं.

पण मला सांगा, ठराव बाजूला ठेवायचा म्हणजे काय? अकरा सह्यांचा ठराव! वीणेपुढे झालेला!

"नवल," मी गरजलो, "लाज वाटत नाही? आज माझ्यासाठी बाजूला ठेवाल, उद्या सुरतवाल्यासाठी ठेवाल! नियम म्हणजे नियम! नारळ उचलणारा कॉलनीतच राहील! आणि पुन्हा असला विषय काढलास तर तुझ्या मंडळाला उन्हात उभं करीन!"

"बरं," नवल म्हणाला आणि त्याने घाईघाईने फोन ठेवला.

 माझा हात अजून दिपमालाच्या हातात होता. तिने तो अलगद सोडला, वाटीतून पडलेलं लिंबू जागेवर ठेवावं तसा माझ्या मांडीवर ठेवला, आणि विचारलं, "झालं समाधान?"

असो. एक जूनपासून मी देवपुरात आहे. कळस दिसत नाही, खिडकीतून रूपाचं स्वयंपाकघर दिसतं. पुढच्या वैशाखात सप्त्याची वीणा आमच्या उंबऱ्यावरून निघेल, तुम्ही सगळे या. कीर्तन सहाला आहे, म्हणजे सहालाच. मांड्यांचं विचाराल तर खापर आता दिपमालाने हातात घेतलं आहे आणि रूपा पीठ मळते.

धुळ्याचे गुण मी अजून वाढवलेले नाहीत. वही हिने लपवून ठेवली आहे.