घरतबाईंची पोरं आणि आमच्या टाकीचं पाणी

आमच्या घरी आलेल्या पाहुण्याला पाणी दिलं की तो ते पितो. डॉ. वनिता घरत पीत नाहीत. त्या पर्समधून बारकी बाटली काढतात, ग्लासातलं पाणी तिच्यात ओततात, बूच लावतात आणि वर कागदाची पट्टी चिकटवून लिहितात, 'सेक्रेटरी, पहिला मजला, सकाळ.' मग रिकामा ग्लास माझ्या हातात देऊन म्हणतात, "चहा चालेल."

सेक्रेटरी म्हणजे मी. करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीचा. डोंबिवली सोडून इथे आलो तेव्हा वाटलं होतं, वस्ती नवी आहे, भांडणं सुरू व्हायला वेळ लागेल. पहिल्याच वर्षी माझ्याकडे लेखी तक्रार आली: 'तिसऱ्या मजल्यावरच्या बाई घरोघर पाणी मागतात व पीत नाहीत. तरी चौकशी व्हावी.'

चौकशीला गेलो. बाईंच्या स्वयंपाकघरात जिथे डबे असायला हवेत तिथे पट्ट्या लावलेल्या बाटल्या होत्या. कर्नाळ्याचा झरा. नेऱ्याची बोअर, बाई कुणाच्या तरी लग्नाला गेल्या असताना भरून आणलेली. खाडी, भरती. खाडी, ओहोटी. बाई पनवेलजवळच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात आणि उरलेल्या वेळात रोबो बनवतात, असं त्यांनी सांगितलं. मी घरभर नजर फिरवली.

"शोधू नका," बाई म्हणाल्या. एक कुपी माझ्या नाकासमोर धरली. "ह्यात लाखभर तरी असतील."

मला त्यात राखाडी गाळ दिसला. तो गाळ म्हणजे नळ्या. केसाच्या जाडीत आठ-दहा ओळीने मावतील एवढ्या, आतून प्लॅटिनमचा मुलामा दिलेल्या. जखम धुवायला फसफसणारं औषध असतं ना, त्याचे थेंब पाण्यात टाकले की नळीच्या मागच्या तोंडातून बुडबुडे सुटतात आणि नळी पुढे पळते. पळता पळता पाण्यातला कारखान्याचा रंग साफ करते. शुद्ध पाण्यात त्या मजेत पळतात. खाऱ्या, गढूळ पाण्यात दमून थांबतात. बाई त्यांना 'पोरं' म्हणतात. स्वतःची पोरं नाहीत, लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल विचारणाऱ्यांच्या घरचं पाणी त्या आधी तपासतात.

"मग शुद्ध पाण्यातच पळवा की," मी म्हणालो. मला ते अगदी समंजसपणाचं वाटलं होतं.

एरवी पुस्तकातल्यासारखं बोलणाऱ्या बाई चिडल्या की थेट त्यांच्या गावच्या आगरी बोलीत शिरतात. "बालदीत कोनीपन पवतं, सेक्रेटरी. पोराला पवाला शिकवाचा तर हिरीत टाकाचा."

पवणं म्हणजे पोहणं आणि हीर म्हणजे विहीर, हे मला जिना उतरताना कळलं. तक्रार मी निकालात काढली. अर्थात भानगड तिथे संपली नाही, कारण कुणाच्या पाण्यात पोरं किती सेकंद पळाली, याचा निकाल बाई प्रत्येकाला कळवू लागल्या. जोशी, दुसरा मजला, अकरा सेकंद. सेक्रेटरी, चार सेकंद. टाकी एकच, पण जोश्यांनी फिल्टर बसवला होता. माझ्या बायकोने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. हळदीकुंकवाला बायका एकमेकींना "तुमचे किती?" असं विचारू लागल्या. खालचे किराणावाले अन्वरभाई तर मला अडवून म्हणाले, "डॉक्टरीनबाईनं आमचं पाणी नापास केलं. अहो, आमचे वालिदसाहेब, माझे अब्बा, इथलंच पाणी पिऊन नव्वद वर्षं जगले. ते पास झाले आणि पाणी नापास, हे कसं?" मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, अन्वरभाईंना सांगा, वालिदसाहेबांनी प्यायचं होतं, पोहायचं नव्हतं.

त्या घरात एकाच पाण्यावर पट्टी नव्हती. देव्हाऱ्यात लोणच्याची काचेची बरणी होती, पाऊण भरलेली, झाकणावर मेण ओतून बंद केलेली. मला चांगलंच फावलं. "काय मॅडम, शास्त्रज्ञ आणि गंगाजल?"

"गंगाजल नाय ते," बाई म्हणाल्या आणि निरांजन पुसत राहिल्या. मी चिडवायचं थांबलो.

मग पोरांवरच्या त्यांच्या सरकारी प्रकल्पाची मुदत संपत आली. दिल्लीहून समिती येणार होती. समितीला पसंत पडलं तर तीन वर्षं वाढ, नाहीतर प्रकल्प बंद आणि सोबत मिळालेला मोठा मायक्रोस्कोप परत. विभागप्रमुख बाईंच्या घरी समजवायला आले, आणि वजन पडावं म्हणून मला बोलावून घेतलं. "मॅडम, फक्त डिस्टिल्ड वॉटर. दोन मिनिटं पोरं पळताना दिसली की झालं. नळाचं पाणी, खाडीचं पाणी, हे विचारतंय कोण?"

"मी विचारतेय," बाई म्हणाल्या.

वर त्यांनी मलाच कामाला लावलं. पाणी खरोखर नळाचं आहे याला साक्षीदार हवा, म्हणून सोसायटीच्या टाकीचं पाणी मी स्वतः भरायचं आणि हातात धरून समितीसमोर न्यायचं. बायको म्हणाली, जोश्यांकडून भरून न्या. मोह झाला, नाही असं नाही. पण बाईंचं तोंड आठवलं आणि आमच्याच नळाखाली बाटली धरली.

समितीत तिघे होते. भिंतीवरच्या पडद्यावर मायक्रोस्कोपखालचा थेंब दिसत होता. बाईंनी माझ्या बाटलीतलं पाणी घेतलं, औषध घातलं, पोरं सोडली. पोरं निघाली, मागे बुडबुड्यांची रांग. आणि चार सेकंदांनी थांबली. आमच्या टाकीची मला आयुष्यात कधी एवढी लाज वाटली नव्हती.

अध्यक्ष भला माणूस होता. "मॅडम, शुद्ध पाण्यातलं दाखवा. तेवढं पुरे आम्हाला." विभागप्रमुख डिस्टिल्ड वॉटरची काचपट्टी तयार ठेवूनच उभे होते. त्यांनी ती पुढे केली.

"शुद्ध पाण्याला सफाई कशाला लागते, सर?" बाई म्हणाल्या.

काचपट्टी विभागप्रमुखांच्या हातातच राहिली. बाईंनी पिशवीतून देव्हाऱ्यातली बरणी काढली. ब्लेडने झाकणावरचं मेण खरवडलं. बरणीतला एक थेंब त्यांनी काचेवर ठेवला आणि पोरं सोडली.

दोन सेकंद. एक नळी तेवढी स्वतःभोवती गोल फिरली, मग तीही थांबली.

अध्यक्षांनी फाइल मिटली. वाढीची शिफारस करता येणार नाही, असं त्यांनी तिथेच, जमेल तेवढ्या मऊपणे सांगितलं. "मायक्रोस्कोप घेऊन जा," बाई म्हणाल्या. "वनस्पतिशास्त्रवाल्यांचा जुना आहे. त्यातही माझी पोरं दिसतात."

रिक्षात त्या बरणी मांडीवर घेऊन बसल्या. पहिल्या मजल्यावर त्या माझ्या मागोमाग आमच्या घरात शिरल्या आणि खुर्चीत बसल्या.

"आमचं गाव विमानतळात गेलं," त्या म्हणाल्या. "घरं तोडली त्याचं एवढं नाही, सगळ्यांचीच तोडली. पण आमची विहीर मातीनं भरली. त्याच्या आदल्या दिवशी जाऊन एवढं पाणी काढून आणलं. खाडीच्या जवळची विहीर, जरा खारीच. सहा वर्षांची होते तेव्हा आयनं माझ्या कमरेला दोर बांधला आणि तिच्यात ढकललं. आय तर आधीच गेली होती. मग विहीरही गेली."

"मग हे पाणी इतके दिवस तपासलं का नाही?"

"भीती वाटायची. बाकी कुठल्याही पाण्यात बुडू देत, पण ह्यात पोरं बुडाली तर काय करायचं? आज ती शुद्ध पाण्याची काच पुढे आली तेव्हा म्हटलं, पळवायची तर आयच्या विहिरीतच."

मी म्हटलं, "आज तर बुडाली." नको होतं म्हणायला, पण मला दुसरं काही सुचेना. त्यांच्यासाठी मला फार वाईट वाटत होतं.

"बुडाली," बाई म्हणाल्या. "पयल्या दिवशी मीपन बुडालेली. आयनं दोर वर ओढला, पाठ थोपटली न् परत ढकलली. चार दिस. दोर सोडला नाय तिनं, न् मना घरीबी नेली नाय."

बायकोने सवयीने पाण्याचा ग्लास आणून ठेवला. बाईंनी तो उचलला आणि प्यायल्या. एवढ्या वर्षांत आमच्या घरी पहिल्यांदाच, थांबत थांबत, तळापर्यंत. मग म्हणाल्या, "वहिनी, अजून एक."

दुसरा ग्लास आला. तो त्यांनी पर्समधल्या बाटलीत ओतला, बूच लावलं आणि पट्टीवर लिहिलं, 'सेक्रेटरी, पहिला मजला, संध्याकाळ.'

"चहा चालेल?" मी विचारलं.

"चालेल की," त्या म्हणाल्या. "उद्या परत ढकलाचंय पोरांना."