पाम्प्लेटवरचे मेंबर

"मेलेल्या बाईचं नाव पाम्प्लेटवर कसं टाकाचं, मेंबरसाहेब?"

ओसरीतून धनराजचा आवाज आला आणि मी चहाचा ट्रे घेऊन दाराच्या आतच थांबले. धनराज आमच्या गावच्या नाट्यमंडळाचा सचिव. आणि मेंबरसाहेब म्हणजे माझे मोठे बाबा, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. केशोरीजवळच्या आमच्या गावातून ते जिल्हा परिषदेवर एकदाच निवडून आले. पण ते एकदा त्यांना जन्मभर पुरलं.

घरातसुद्धा ते सभेच्याच भाषेत बोलतात. भाजीत मीठ कमी पडलं तर "विषय पटलावर घ्या." मी दिवाळीला फुलचूरहून आले की "आवक नोंदवा." चहा समोर आला की विचारायचे, "कोरम पूर्ण आहे का?" त्यावर त्यांची बायको, माझी मोठी आई अनसूया, पदर खोचत समोर येऊन बसायची आणि म्हणायची, "माहं मत धरसान तर आहे." मागच्या वर्षी ती गेली. आता ते कपाकडे बघतात, "सभा तहकूब" म्हणतात आणि अर्धा चहा तसाच ठेवतात.

पण त्यांचं खरं वेड पाम्प्लेटचं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि त्या रात्री नाटक असतं. नाटकाच्या पाम्प्लेटवर नटांपेक्षा पाहुण्यांचीच नावं जास्त असतात. वर उद्घाटक, मग सहउद्घाटक, अध्यक्ष, दीपप्रज्वलक आणि खाली प्रमुख अतिथींची रांग. लोक पेपर वाचतात तसं मोठे बाबा पाम्प्लेट वाचतात. कोण वर चढला, कोण खाली घसरला, हे बोट ठेवून सांगतात. "इलेक्शनचा निकाल मतपेटीतून मागून निंगते," ते म्हणतात, "पाम्प्लेटवर आधी लागते."

त्यांचा स्वतःचा निकालही तिथेच लागत गेला. मेंबर होते तेव्हा ते उद्घाटक होते. मग दोनदा हरले, तीनदा पक्ष बदलला. 'बदलला' म्हटलेलं त्यांना चालत नाही. "मी होतो तेथीच आहो. पक्षच सरकून रायले." हळूहळू नाव खाली आलं. गेल्या वर्षी ते 'विशेष उपस्थिती'त अकरावे होते. मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाले, "खालून मोजलं तर तिसरा."

मधल्या पाच वर्षांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांच्यानंतर ती जागा महिलांसाठी राखीव झाली, म्हणून त्यांनी मोठ्या आईला उभं केलं. ती त्यांच्यापेक्षा जास्त मतांनी आली. सही तिची, भाषण यांचं. लोक दारी आले की हेच खुर्चीवर बसायचे. "आमी दोघं मिळून एक मेंबर," असं सांगायचे आणि मोठी आई हसायची. पाम्प्लेटवर पाचही वर्षं उद्घाटक म्हणून यांचंच नाव छापलं गेलं, नावापुढे 'जि. प. सदस्य' असं लिहून. त्यात काही चुकलंय असं कुणालाच वाटलं नाही. मंडईच्या दिवशी तिने यांच्या सदऱ्याला इस्त्री करायची आणि नाटकाला बायकांमध्ये ताडपत्रीवर बसायचं, असंच चाललं.

परवा त्यांनी मला बोलावलं. गादीखालून पाम्प्लेटचा गठ्ठा काढला आणि त्यातली मोठ्या आईच्या काळातली पाच माझ्यासमोर पसरली. "तुही नजर चांगली आहे. पाय बरं, अनसूयाचं नाव कोठी आहे का. बारीक अक्षरात असल."

माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं. मराठी मी सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचते. छापखान्याच्या नावापर्यंत सगळं वाचलं. नाव नव्हतं. मी नुसती मान हलवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाम्प्लेटं एकावर एक नीट ठेवली आणि म्हणाले, "नोंद घेतली."

आणि आज धनराज यंदाची यादी घेऊन आला होता. मोठे बाबा त्याला म्हणाले होते, माझं नाव काप, तिथे तिचं लिही, माजी जि. प. सदस्या म्हणून. 'स्वर्गीय' लिहायचं नाही.

धनराज माणूस वाईट नाही. त्याची अडचण व्यवहाराची होती. माइकवर नाव पुकारतात, पाहुणा उठून पुढे येतो, त्याला शाल आणि नारळ देतात. "नाव पुकारलं आन कोणी उठलंच नाही, त लोक हासतीन. तुमच्यावरच हासतीन."

या वेळी मोठ्या बाबांच्या तोंडी पटल, ठराव, कोरम, काहीच आलं नाही.

"हासू दे," ते म्हणाले. "पाच वर्सं मी तिच्या खुर्चीवर बसलो, तवा कोणी हासलं नाही."

धनराजने पेनाला टोपण लावलं. स्टेजवर रिकामी खुर्ची ठेवता येत नाही, मंडळाचे लोक ऐकणार नाहीत, असं तो हळू आवाजात सांगू लागला. मोठे बाबा ऐकत होते, पण त्यांची नजर ओसरीच्या फरशीवर होती.

या घरात मला मुकी म्हणून चिडवतात. चुलत भावंडं माझ्या मराठीला हसतात, म्हणून मी चार माणसांत बोलतच नाही. शाळेत मी एकदाच स्टेजवर गेले होते आणि पहिल्या ओळीनंतर रडत खाली आले होते.

मी बाहेर गेले. ट्रे खाली ठेवताना कप वाजले, म्हणून दोघांनी वर पाहिलं.

"धनराजभाऊ, मोठ्या आईचं नाव लिहा," मी म्हणाले. "पुकारलं की मी उठेन."